भागाबाईच्या नावाचं चिलट

भादवा लागला की दिवेलागणीला आमच्या अंबाजोगाईच्या घरात ठरलेली धांदल उडते. सासूबाई ताटांवर ताटं उपडी घालतात, नवरा पंखा फुल करतो, कुणीतरी आतून ओरडतं, "आधी ट्यूब बंद करा, चिलटं आली." आणि मी पांढरा कागद घेऊन नेमकी त्या ट्यूबखाली जाऊन बसते. कागदावर टपटप पडणाऱ्या ठिपक्यांकडे भिंगातून बघत बसणारी सून पदरात पडली, हे सासूबाईंनी केव्हाच मान्य केलंय. पाहुणे चमकून बघायला लागले तर त्याच सांगतात, "बघू द्या तिला. तिचं शिक्षणच चिलटांत झालंय." त्यात थोडी चेष्टा असते, थोडा अभिमान असतो. मला दोन्ही चालतं.

चिलट हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. केळ्याच्या सालीवर घोंगावतं तेही चिलट, नालीजवळ डोळ्यात जातं तेही चिलट. पण ज्याच्यापायी मी ऐन तारुण्यातली वर्षं वाकून घालवली, त्याचं कूळच निराळं. पुस्तकात त्याला कुलिकॉइड्स म्हणतात. तिळाहून बारीक असतं. बसलेलं कळत नाही, चावलेलं मात्र चांगलं कळतं, मिरचीचा हात लागल्यासारखं झोंबतं. उघड्या डोळ्यांना तो नुसता काळपट ठिपका. पण मायक्रोस्कोपखाली त्याचा पंख पसरला की माणूस गप्प होतो. धुरकट पंख, आणि त्यावर फिकट डाग, जुन्या आरशाचा पारा जागोजागी उडालेला असावा तसे. एका जातीच्या डागांची ठेवण दुसरीशी जुळत नाही. कुणाच्या पंखाच्या टोकाला डाग, कुणाच्या मधोमध, कुणाचे दोन डाग एकमेकांत मिसळलेले. एवढ्याशा जिवाच्या अंगावर ओळख पटवायची इतकी सोय कुणी करून ठेवली असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

मी मूळची परळीची. आमच्याकडे दोरीवरची चादर झटकल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कारण तिच्यावर थर्मलच्या चिमणीची राख बसलेली असायची. एम.एस्सी. करून अंबाजोगाईच्या कॉलेजात शिंगाडे मॅडमकडे पीएच.डी.ला गेले, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढं स्पिरिटची एक बाटली ठेवली. तळाशी करडा गाळ होता. मी परळीच्या सवयीनं विचारलं, "मॅडम, ही राख कशाची?"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. एरवी त्यांचं मराठी अगदी प्रमाण, वर्गात एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. पण राग आला किंवा गंमत वाटली की त्या सरळ आपल्या गावाच्या बोलीत उतरायच्या. "राखंला पाय अस्त्यात का बघ की," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी थेंबभर गाळ काचेवर घेतला, भिंगाखाली धरला. राखेला पाय होते, मिशा होत्या आणि पंख होते.

पुढचे काही महिने मी त्या राखेची माणसं ओळखण्यात घालवले. माणसंच म्हणते मी त्यांना, कारण मॅडमही तसंच म्हणायच्या. आधी पंख बघायचा. मग मिशीच्या कोणत्या सांध्यावर वास घ्यायचे खळगे आहेत ते बघायचं. मग सुईनं पोट उकलून आतल्या इवल्याशा पिशव्या मोजायच्या. हे सगळं एका काचपट्टीवर, बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाच्या थेंबात, डोकं वेगळं, पंख वेगळा, पोट वेगळं. हात थरथरला की गेलं. मी सुरुवातीला कितीतरी चिलटांचा भुगा केला. मॅडम ओरडायच्या नाहीत. शेजारी येऊन बसायच्या, स्वतःची सुई घ्यायच्या आणि श्वास रोखून पंख असा अलगद सुटा करायच्या की मला वाटायचं, आता हे उठून उडून जाईल. त्यांच्या हातांकडं बघत राहावंसं वाटायचं. जाड बोटं होती, कष्टाची. त्या बोटांनी हे व्हावं, हे बघायला मला फार आवडायचं.

ओळखायची पद्धतही किती साधी. प्रत्येक पायरीला दोनच वाटा. डाग आहे, नाहीतर नाही. खळगा खोल आहे, नाहीतर उथळ. एक वाट धरायची, पुढं जायचं, तिथं पुन्हा दोन वाटा. शेवटी एक नाव उभं असतं. मी घरी आले की आईला सांगायचे, तर ती म्हणायची, "म्हणजे सोयरीक जमवताना विचारतात तसंच की. मूळ गाव कुठलं, मामा कुठले." मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. आणि मग म्हणाल्या, "फरक एकच. इथं आवडलं म्हणून हो म्हणता येत नाही."

या कुळातलं एक नाव मॅडमनी स्वतः दिलेलं होतं. फिकट रंगाचं, अंगानं बारकं, पंखाच्या मधला डाग जवळजवळ पुसलेला, असं एक चिलट त्यांना तरुणपणी उन्हाळ्यात सापडलं. आधीच्या कुठल्याच वर्णनात ते बसत नव्हतं. मग रीतसर लेख लिहून त्यांनी ती नवी प्रजाती म्हणून जाहीर केली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं. आई भागाबाई. नावाला लॅटिन शेपूट लावायचा नियम असतो, म्हणून ते भागाबाये झालं. त्या पंखाचा मोठा करून काढलेला फोटो आमच्या लॅबच्या दारासमोर फ्रेममध्ये होता. बाहेरून कुणी परीक्षक आले की प्राचार्य आधी तो दाखवायचे. मॅडमची ओळखच ती होती. "यांच्या नावावर एक प्रजाती आहे," असं म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसायचा.

भागाबाई लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या अंगाला राहायची. घराणं मेंढरांचं. मॅडमचा धाकटा भाऊ रंगनाथ अजून मेंढरं राखतो. लेकीनं पहिल्यांदा येऊन सांगितलं की तुझं नाव एका चिलटाला दिलंय, तेव्हा भागाबाईनं विचारलं होतं म्हणे, "चावतं का गं ते?" मॅडम म्हणाल्या, चावतं. "मग ठीक हाय," भागाबाई म्हणाली. पण नंतर तिला त्याचा लई गर्व वाटायला लागला. बाजारात, लग्नात, जत्रेत ती सांगायची, "माझं नाव इंग्रजी बुकात हाय." लोक हसायचे. ती हसणाऱ्यांची कीव करायची.

आणि मग तो भादवा आला. आता दरवर्षी चिलटं आली की मला तोच आठवतो, दुसरा कुठला नाही.

पाऊस चांगला झाला होता. बालाघाटाच्या उतारावर गवत गुडघ्याला लागत होतं, आणि रंगनाथमामांच्या मेंढरांत रोग शिरला होता. मेंढरांची तोंडं सुजायची, नाकातून शेंबूड वाहायचा, जीभ निळी पडायची. नीलजिव्हा म्हणतात या रोगाला. हा रोग मेंढरू मेंढराला देत नाही. ही चिलटं रक्त पिताना एकाचं दुसऱ्याला देतात. कोणतं चिलट देतं, ते कुठं अंडी घालतं, वर्षभर कुठं दडून राहतं, हे कळलं तरच काही उपाय. मॅडमनी मला तिकडं धाडलं.

मी भागाबाईच्या घरीच राहायचे. संध्याकाळी मेंढरं परतली की मेंढवाड्याच्या खांबाला दिव्याचा सापळा टांगायचा. एक छोटा दिवा, खाली पंखा, त्याखाली भांडं. मेंढरांच्या अंगाचा ऊबदार वास, ओल्या लोकरीचा वास, कोकरांची एकमेकांना हाकारायची घाई, आणि त्या दिव्याभोवती जमणारा तो बारीक धूर. रंगनाथमामा खांबाला टेकून बघत राहायचे. "धाकल्या मॅडम," ते मला म्हणायचे, "एवढ्यांची नावं पाठ हायत तुमाला?" मी म्हणायचे, नाही मामा, रोज नव्यानं विचारावी लागतात. पहाटे भांडं उतरवलं की त्यात मूठभर तरी सापडायचीच.

रक्त पिऊन फुगलेल्या माद्या मी वेगळ्या काढायचे. एकेकीला एकेका नळीत, खाली ओला कापूस. दोनतीन दिवसांत ती कापसावर अंडी घालायची. केळ्यासारखी वाकडी, आधी पांढरी, मग काळी. अंडी घातली की मादी मरायची, तिची मी काचपट्टी करून ठेवायचे. अंड्यांसाठी मेंढवाड्यातल्या हौदाखालचा शेणमिश्रित चिखल, त्यातली आधीची अंडी मरावीत म्हणून भाजून, गार करून ट्रेमध्ये घातलेला. ट्रे कुठं ठेवायचे? भागाबाईनं जागा दिली. काही माठाशेजारी, ओल्या पोत्याच्या गारव्याला. तिथली जागा संपली म्हणून उरलेले मागच्या पत्र्याच्या खोलीत. भादव्याच्या उन्हात तो पत्रा असा तापायचा की आत पाय ठेववत नसे. त्यात माझं काही शास्त्र नव्हतं. जागा नव्हती, एवढंच.

माठाशेजारच्या ट्रेमधून निघाली ती नेहमीची, पावसाळ्यात ढिगानं मिळणारी. अंगानं भरलेली, गडद पंखांची, पुस्तकात आधीपासूनच नाव असलेली. त्यांच्या आयाही तशाच होत्या. काही दिवसांनी पत्र्याखालच्या ट्रेला बांधलेल्या जाळीवर काहीतरी फिकट बसलेलं दिसलं. मी ते काचेवर घेतलं. बारकं अंग. पंखाच्या मधला डाग जवळजवळ पुसलेला. मी त्याच्या आईची काचपट्टी काढली. आई गडद होती.

मला त्या क्षणी आनंद झाला नाही, हे मला स्पष्ट आठवतं. हे चिलट फ्रेममधलंच होतं, आणि त्याची आई मात्र दुसऱ्याच नावाची. बाहेर अंगणात भागाबाई कुणाला तरी सांगत होती की ही पोरगी माझ्या नावाच्या किड्याचा अभ्यास करायला आलीय.

दुसऱ्या दिवशी मी बस धरून अंबाजोगाईला गेले. मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. मी काचपट्ट्या पुढं ठेवल्या. त्यांनी हात धुतले, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"उन्हाळ्यातलं जुनं काढलंस का हे?"

"नाही मॅडम. काल निघालं. पत्र्याच्या खोलीतलं."

"आई कुठाय याची?"

मी दुसरी काचपट्टी दिली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची मागं घेतली.

"एकीवर न्हाई भरवसा ठेवायचा. परत कर. भरपूर कर." मला वाटलं, त्या दिवस ढकलतायत. पण त्या पुढं म्हणाल्या, "या वेळी एकाच मादीची अंडी अर्धी गारव्याला, अर्धी पत्र्याखाली. आणि ट्रेवर चिठ्ठ्या मी लावीन. कुठलं चिलट कुठल्या ट्रेचं, ते तुला कळता कामा नये. तू नुसतं बघून ओळखायचं."

"का पण मॅडम?"

"माया हाय तुझी माझ्यावर. माया डोळ्यात उतरती."

त्या रजा टाकून स्वतः माहेरी आल्या. त्यांचं ते माहेर कामाचं होतं. सकाळी मेंढवाड्यात, दुपारी ओसरीवर टेबल मांडून मायक्रोस्कोपला. भागाबाईला आनंद झाला होता, लेक इतके दिवस कधी राहिली नव्हती. ती दर थोड्या वेळानं चहा आणून ठेवायची आणि लेकीच्या डोक्यावरून मागच्या मागं हात फिरवून जायची. मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा हलवायच्या नाहीत, पण खांदे सैल सोडायच्या.

आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी बघून नाव सांगायचे, त्या मनात जुळवायच्या. गडद. फिकट. फिकट. गडद. एक दिवस त्यांनी मला थांबवलं. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर सुलट्या मांडल्या. फिकट म्हटलेली सगळी पत्र्याखालची होती. आई एकच. मिशीवरचे खळगे तेच, पोटातल्या पिशव्या त्याच. गारव्याला वाढली की भरदार आणि गडद, उन्हात वाढली की खुरटी आणि फिकट.

मॅडम हसल्या, मला ते हसू अजून दिसतं. "म्हणजे मी उन्हाळ्याच्या सुट्टीला नाव दिलं गं," म्हणाल्या.

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. नोकरी लागल्यापासून त्या माहेरी निवांत यायच्या त्या मे महिन्यातच. सासर, कॉलेज, परीक्षा, पेपर तपासणी, सगळं आटोपल्यावर. बाकी लेकी माहेरी येऊन झोपा काढतात, पापड लाटतात. मॅडम मेंढवाड्यात सापळा लावायच्या. भर वैशाखात आटत आलेल्या हौदाच्या चिखलात जे काही वाढायचं ते असंच, खुरटं आणि फिकट. पावसाळ्यात त्यांना कधी रजाच मिळाली नाही. वर्षानुवर्षं एकाच ऋतूत भेटलेलं माणूस आपण पूर्ण ओळखतो असं वाटावं, तसं झालं होतं. एखाद्या पुरुष संशोधकाच्या हातून ही चूक कदाचित झालीच नसती. तो भादव्यातही बॅग उचलून निघाला असता. मला हे बोलताना राग येत होता, मॅडमना नव्हता.

हे दडवणं सोपं होतं. विभागातल्या एका सरांनी तर समजुतीच्या सुरात सांगितलंसुद्धा, "राहू द्या हो मॅडम. एवढ्याशा चिलटाचा पंख कोण बघायला बसलंय?"

"मी बसलेय की," मॅडम म्हणाल्या.

आणि त्यांच्या त्या जुन्या लेखात एक वाक्य होतं, जे त्यांना झोपू देत नव्हतं. फिकट चिलट फक्त उन्हाळ्यात असतं, रोग पावसाळ्यानंतर येतो, त्यामुळे त्याचा रोगाशी संबंध दिसत नाही, असं ते वाक्य. आता दोन्ही एकच निघाल्यावर त्याचा अर्थ उलटा झाला. रोग पसरवणारं चिलट कुठं जात नव्हतं. उन्हाळाभर ते इथंच, हौदाखालच्या ओलीत, भागाबाईच्या नावाखाली निर्धास्त बसलं होतं. रंगनाथमामांना मॅडमनी हे चिठ्ठ्या मांडल्या त्याच दिवशी सांगितलं. मामा मान खाजवत म्हणाले, "आक्का, मंग हौदाखालचा चिखल उन्हाळ्यातबी उपसाय पायजे न्हवं? आमी तर म्हणत हुतो, पाऊस लागल्यावर बघू." मॅडम म्हणाल्या, होय, उन्हाळ्यातच. मामांनी कुदळ शोधायला सुरुवात केली.

नाव मागं घ्यायचीही एक रीत असते. त्यासाठी पुन्हा लेख लिहावा लागतो. ज्या काळजीनं नाव दिलं त्याच काळजीनं ते जुन्या नावात मिळवायचं, पुरावा द्यायचा, आणि खाली सही करायची. नाव पार पुसत नाहीत. यादीत जुन्या नावाच्या खाली बारीक अक्षरात ते राहतं, इथून पुढं वापरू नये म्हणून. मॅडमनी तो लेख त्या ओसरीवरच लिहिला. मी माझं नाव पुढं घालायला नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "शोध तुझा आहे. चूक माझी आहे. सरमिसळ करू नको." एवढ्या वर्षांच्या मानाची गोष्ट त्या उचलून बाजूला ठेवत होत्या आणि वर माझ्या वाक्यातली विरामचिन्हं दुरुस्त करत होत्या. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं बघितली. शिंगाडे मॅडमइतकं मोठं माणूस मला दुसरं भेटलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणू शकले नाही, कारण त्या लगेच म्हणाल्या असत्या, पुरावा दे.

आता मी शिकवते. माझ्या विद्यार्थिनी पहिला भुगा करतात, रडवेल्या होतात, मी शेजारी बसते आणि सुई हातात घेते. त्यांना भादव्यातही नेते आणि वैशाखातही नेते, घरचे कितीही कुरकुरले तरी. एकीनं परवा विचारलं, "मॅडम, यात शेवटी मिळतं काय?" मी तिला पंख दाखवला. तिनं डोळा लावला तो काढेचना.

त्या भादव्यात, लेख पाठवायच्या आदल्या दिवशी मॅडम आईजवळ जाऊन बसल्या होत्या. भागाबाई ओसरीच्या पायरीवर अंबाडी खुडत होती. मी आत मायक्रोस्कोप पुसत होते, दार उघडं होतं.

"आई, ते चिलट निराळं न्हवतं," मॅडम म्हणाल्या. "आदीपासून ज्याचं नाव हाय, त्याचीच ती उन्हाळी लेकरं. मी चुकले. तुझं नाव काढावं लागतंय बुकातनं."

भागाबाईचे हात थांबले. "कुणी काढाय लावलं?"

"कुणी न्हाई. मीच लिवलं तसं."

"न्हाई लिवलं असतं, तर कुणाला कळलं असतं का?"

मॅडमनी अंबाडीची एक काडी उचलून खुडली. मग म्हणाल्या, "न्हाई कळलं असतं."

भागाबाईनं पुढ्यातली भाजी बाजूला सारली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिनं लपवलं नाही, डोळे पदरानं टिपले. मग लेकीची ती जाड बोटं तिनं आपल्या हातात घेतली.

"दुसऱ्या कुणी खोडलं असतं तर लई लागलं असतं मला," ती म्हणाली. "तू खोडलंस. म्हंजे माझं नाव एवढे दिस खऱ्या माणसाच्या हातात हुतं."